झाड तोडणाऱ्याला नेमके काय आवडते?

2025 च्या फेब्रुवारीत नागपुरातल्या आमच्या घराच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या कामाचा भाव सांगायला दोन माणसे दोन दिवसांच्या अंतराने आली. पहिला ठेकेदार होता. त्याने खिशातून टेप काढून छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजला, मान वर करून पहिल्या फांदीपर्यंत सरळ खोड किती भरते याचा अंदाज घेतला, मोबाइलवर काही आकडेमोड केली आणि म्हणाला, "सर, छाटाचं म्हणाल तं नऊ हजार लागतीन. तोडून टाकाचं म्हणाल तं मीच तुमाले तीन हजार देतो." बोलण्याच्या ओघात त्याचे आकडे उलटे झाले असावेत असे वाटून मी पुन्हा विचारले. आकडे तेच होते. चार फांद्या उतरवण्याचे नऊ हजार मी द्यायचे आणि अख्खे झाड उतरवण्याचे तीन हजार त्याने द्यायचे. परवानगीचे काय, या प्रश्नावर "ते पाहून घेऊ ना" एवढेच उत्तर मिळाले.

दुसरे आले ते नागपूर जिल्ह्यातल्याच काटोलकडचे एक काका, साठी ओलांडलेले. भाच्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आले होते. मांडीवर पोत्यात गुंडाळलेली आरी आणि खांद्यावर दोराचे वेटोळे. त्यांनी भाव सांगितलाच नाही. झाडाला एक चक्कर मारली, कुऱ्हाडीच्या पाठीने बुंध्यावर चार-पाच ठिकाणी ठोकून आवाज ऐकला आणि विचारले, "छाटाचं कायले पण?"

माझ्यापाशी उत्तर होते, पण ते देताना मी थोडा ओशाळलो. मुलाने गच्चीवर सोलर पॅनेल बसवले आहेत आणि दुपारी तीननंतर कडुनिंबाच्या पश्चिमेकडच्या दोन फांद्यांची सावली त्यांवर येते, हे एक कारण. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत पाने पडून पंप तुंबतो, हे दुसरे. ज्या झाडाच्या सावलीमुळे त्या खोलीतला कूलर काम करतो त्याच झाडाविरुद्ध ही तक्रार होती, हे मला बोलता बोलता कळले. काकांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, "मंग दोनच फांद्या. चार कायले?"

वडिलांनी हे झाड 1976 साली लावले, घर बांधून झाल्यावर दुसऱ्या वर्षी. तेव्हा लक्ष्मीनगरच्या आमच्या लेआउटमध्ये अर्ध्याहून अधिक प्लॉट रिकामे होते. या झाडाच्या जगण्या-मरण्याविषयी एकाच आठवड्यात दोन माणसांकडून इतके वेगळे ऐकल्यावर माझ्या मनात एक प्रश्न रुतून बसला: ही माणसे ज्या कामावर पोट भरतात त्या कामात त्यांना स्वतःला काय आवडते, झाड तोडणे की छाटणे? आयुष्यभर शाळेत शिकवल्यामुळे प्रश्न विचारण्याची खोड मला आहेच. त्यानंतरच्या वर्षभरात रस्त्यावर कुठेही आरी चालताना दिसली की मी थांबत गेलो आणि चहाच्या निमित्ताने हाच प्रश्न विचारत गेलो.

ठेकेदाराचे उत्तर मला आधीच मिळाले होते, फक्त ते समजायला थोडा वेळ लागला. त्याची आवड लाकडात आहे. कडुनिंबाचे सरळ खोड आरामशीनवर, म्हणजे लाकूड चिरण्याच्या गिरणीत, जाते, जाड फांद्या जलाऊ लाकडाच्या टालावर जातात, आणि दोन्ही ठिकाणी वजनावर किंवा मापावर पैसे मिळतात. छाटणीतून काय निघते? पाला, काड्या आणि मनगटाएवढ्या वाकड्या फांद्या, ज्यांना कोणी विचारत नाही. त्या उचलायला मात्र 'छोटा हत्ती' म्हणतात तो लहान टेम्पो दोन फेऱ्या करतो, त्याचे भाडे लागते, आणि टाकायला जागा शोधावी लागते. पूर्वी आमच्या भागात लोकांकडे बकऱ्या होत्या आणि कडुनिंबाचा पाला झाडाखालूनच नेला जाई. आता त्या घरांच्या जागी फ्लॅटस्कीम उभ्या आहेत. म्हणून छाटणी म्हणजे त्याच्या हिशेबात सगळा खर्च, आणि तोडणी म्हणजे मालासकट मिळालेले काम. मालकाला वाटते की तोडणी स्वस्त आहे. वस्तुतः ती स्वस्त नसते. तिची मजुरी झाड स्वतःच देत असते.

याच विषयावर मी परदेशातले थोडे वाचले, आणि तिथे हा हिशेब नेमका उलटा असल्याचे पाहून मला गंमत वाटली. इंग्लंड-अमेरिकेत शहरातले मोठे झाड काढणे हे साधारणपणे छाटणीपेक्षा बरेच महाग काम असते, कारण मजुरी महाग, यंत्रसामग्री महाग, आणि निघालेले ओंडके ही बहुतेक वेळा कमाई नसून विल्हेवाट लावण्याची डोकेदुखी असते. तरीही तिथल्या चढणाऱ्यांत दोन तट आहेतच. काहींना काढण्याचे काम आवडते, कारण त्यात दोर, कप्प्या आणि वजनाचा अंदाज यांचा कस लागतो आणि संध्याकाळी काम झाल्याचे डोळ्यांना दिसते. काहींना छाटणी आवडते, कारण तिच्यात फांदीच्या टोकापर्यंत तोल सांभाळत जावे लागते. तिथे छाटणी अंगालाही जड पडते, याचे एक कारण मला फार पटले. झाड काढायचे असेल तर बुटांना लोखंडी काटे बांधून खोडावर चढता येते, पण जे झाड जगवायचे आहे त्यावर काटे वापरायचे नाहीत असा त्यांच्या धंद्याचा दंडक आहे, कारण प्रत्येक पावलागणिक सालीला भोक पडते. आमच्या काकांना हा भेद लागू नाही. ते दोन्ही कामांना अनवाणीच चढतात.

भाच्याला, अपेक्षेप्रमाणे, तोडणी आवडते. तो बावीस-तेवीस वर्षांचा आहे, चेनसॉला तो 'कटर' म्हणतो, आणि पेट्रोलच्या त्या आवाजाने गल्लीतली माणसे गॅलरीत येऊन उभी राहतात हे त्याला मनापासून आवडते. "छाटलेलं कोणाले दिसते, सर? तोडलं तं आभाळ दिसते," असे तो म्हणाला. त्याला हलक्यात काढण्याचे कारण नाही, कारण उभे झाड ठरलेल्या जागी पाडणे हे कसब आहे. ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूला आधी पाचरीसारखी खाच काढतात, मग विरुद्ध बाजूने, खाचेपेक्षा किंचित वर, मागचा काप घेतात, आणि दोन्ही कापांच्या मधे लाकडाची एक पट्टी मुद्दाम राखतात. ती पट्टी दाराच्या बिजागरीचे काम करते. ती चुकून पूर्ण कापली गेली तर झाड कुठे जाईल हे कोणाच्याच हातात राहत नाही. मात्र नागपुरातल्या लेआउटमध्ये झाड आडवे झोपवायला जागा असते तरी कुठे? एका बाजूला विजेच्या तारा, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची गच्ची, समोर उभ्या असलेल्या मोटारी. त्यामुळे इथली तोडणी बहुतेक वेळा वरून खाली, तुकड्या-तुकड्यानेच होते. आणि काकांची नावड नेमकी इथून सुरू होते.

काका तोडणी टाळतात. माणूस वृक्षप्रेमी असेल म्हणून टाळत असेल, अशी माझी कल्पना होती, आणि ती त्यांनी पहिल्याच दिवशी मोडीत काढली. त्यांची कारणे अगदी अंगाला भिडणारी आहेत. छाटणीत दोर नेहमी डोक्याच्या वर, एखाद्या भक्कम बेचक्यात बांधलेला असतो. पाय सुटला तर माणूस लोंबकळतो, पडत नाही. तुकड्याने झाड उतरवताना मात्र आधी शेंडा जातो, मग वरच्या फांद्या, आणि प्रत्येक तुकड्यासोबत दोर बांधायची जागाही खाली सरकते. शेवटी माणूस एका उघड्या खांबाला बिलगून उभा असतो, दोर कमरेच्या पातळीवर, वर धरायला काही नाही, आणि वरचा ओंडका सुटला की त्या धक्क्याने तो खांब त्याच्यासकट झुलतो. झाड वाळलेले किंवा आतून पोकळ असेल, आणि तोडायला सहसा तशीच झाडे सांगतात, तर त्या झुलण्यात काय होईल याची खात्री देता येत नाही.

दुसरे कारण ऐकल्यावर मी काही क्षण गप्प झालो, कारण पन्नास वर्षे नागपूरचे ऊन खाऊनही ते मला सुचले नव्हते. "छाटाच्या कामात दिवसभर सावलीत राह्यतो, सर. तोडाच्या कामात सकाळी सावलीत चढतो अन् बारा वाजेपर्यंत आपली सावली आपणच कापून टाकतो." पावसाळ्यापूर्वीची बहुतेक कामे एप्रिल-मे महिन्यांत निघतात. त्या दिवसांत इथला पारा 44-45 अंशांवर जातो आणि सिमेंटच्या रस्त्यांवरून येणारी झळ वेगळीच. अशा दुपारी पंचवीस फुटांवर, पाने नसलेल्या खोडाला बिलगून काम करण्याची कल्पना करून पाहावी. काका म्हणतात की ते मेमध्ये पहाटे साडेपाचला चढतात आणि दहाला उतरतात. तोडणीत मात्र अर्धवट कापलेले झाड सोडून उतरता येत नाही. मला वाटते, काकांच्या सावलीच्या त्या एका वाक्यात कोणत्याही पर्यावरणाच्या भाषणापेक्षा अधिक माहिती आहे.

तिसरे कारण धंद्याचे आहे. तोडलेल्या झाडाचे काम पुन्हा निघत नाही, आणि छाटलेले झाड दोन-तीन वर्षांनी पुन्हा बोलावते. काकांची अशी ठरलेली घरे धरमपेठेत आहेत, बजाजनगरात आहेत, सिव्हिल लाइन्समध्ये एक जुना बंगला आहे जिथे ते लग्नाआधीपासून जातात. झाड कोणते, कोणत्या वर्षी कोणती फांदी काढली, कोणत्या बाजूला कावळ्याचे घरटे असते, हे सगळे त्यांच्या डोक्यात आहे. घरटे दिसले की ती फांदी ते सोडून देतात. मेमध्ये ही अडचण हमखास येते, कारण कावळ्यांची वीण त्याच सुमारास असते, आणि म्हणून ज्याला घाई नाही त्याने माघ-फाल्गुनात बोलवावे असे ते सांगतात. कडुनिंब तेव्हा पाने गाळत असतो, फांद्यांची ठेवण स्पष्ट दिसते, आणि पाडव्याला गुढीला बांधायच्या डहाळीपुरती नवी पालवी वेळेवर येते.

या माणसाचे हात संत्र्याच्या बागेत तयार झाले आहेत, हे नंतर कळले. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या झाडावर फळे तोडून झाल्यावर वाळलेल्या बारीक काड्या राहतात, त्यांना सल म्हणतात, आणि सल काढणे हे बागेतले वर्षानुवर्षे चालत आलेले काम आहे. वाळलेली काडी कापताना थोडा हिरवा भागही सोबत घ्यायचा, म्हणजे रोग मागे राहत नाही. कापून झाल्यावर हत्यार औषधाच्या पाण्यात बुडवायचे. बुंध्याला मोरचूद आणि चुन्याचा बोर्डो लेप लावायचा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, तो मुख्यतः डिंक्या रोगासाठी. काका म्हणाले, लहानपणी सल काढताना त्यांना शिकवले गेले ते एवढेच की आधी पाहायचे आणि मग हात लावायचा. शहरात आल्यावर हत्यारे मोठी झाली, पद्धत तीच राहिली.

आता माझ्या चुकीविषयी. फाटकाजवळ आमचा एक गुलमोहर होता. 2014 च्या मे महिन्यात दारावर आलेल्या एका टोळीने "सर, मोकळं करून देतो" असे म्हटले, भाव कमी सांगितला, आणि मी हो म्हणालो. संध्याकाळी मी परतलो तेव्हा झाडाच्या जागी तीन भुंडे हात आकाशाकडे उभे होते. एकही पान शिल्लक नव्हते. शेजाऱ्यांनी कौतुक केले, अंगणात उजेड आला म्हणून. पावसाळ्यात प्रत्येक भुंड्या टोकाभोवती दाट फुटवे आले आणि दोन वर्षांत झाड पूर्वीपेक्षा घनदाट दिसू लागले. मला वाटले, काम उत्तम झाले.

हे फुटवे फसवे असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. नैसर्गिक फांदी खोडासोबत वर्षानुवर्षे वाढते आणि तिचे लाकूड खोडाच्या लाकडात आतपर्यंत गुंफलेले असते. भुंड्या टोकावर फुटलेली फांदी मात्र सालीलगतच्या वरच्या थरातून आलेली असते. ती झपाट्याने वाढते, जड होते, आणि तिच्या बुडाखालचे उघडे पडलेले लाकूड त्याच काळात कुजत असते. 2018 च्या जूनमध्ये, पहिल्या वादळात, अशीच एक मांडीएवढी फांदी कंपाउंडच्या भिंतीवर कोसळली आणि भिंतीलगतचा माझा स्कूटर मोडला. त्या वेळी फाटकात कोणी उभे नव्हते, एवढेच नशीब. पुढच्या वर्षी बुंध्याशी, मातीलगत, तपकिरी चकचकीत पाठीची टणक आळंबी आली. गुलमोहराची मुळे कुजवणाऱ्या बुरशीचे ते लक्षण असते. ज्याला मी मोकळे करून घेतले होते ते झाड परवानगी काढून 2019 मध्ये तोडावे लागले. काकांना मी हा प्रसंग सांगितला तेव्हा त्यांनी हळहळ वगैरे काही व्यक्त केली नाही. "आळंबी आली तं तोडाचंच असते. असं झाड छाटा म्हणाल तं मी चढत नाही," असे म्हणून त्यांनी तंबाखू मळायला घेतली. छाटणी आवडणारा माणूस तोडायलाच हवे असे झाड बरोबर ओळखतो, हे मला त्या दिवशी समजले. तोडणी आवडणाऱ्याला सगळीच झाडे तशी दिसतात.

आमच्या कडुनिंबाचे काम त्या फेब्रुवारीत झाले, रीतसर अर्ज करून, फोटो जोडून. पश्चिमेकडच्या दोन फांद्यांपैकी एक काकांनी पूर्ण काढली आणि दुसरी आखूड केली. पूर्ण काढलेल्या फांदीचे काम मी गच्चीवरून, दहा-बारा फुटांवरून पाहिले. बुडाशी ती माझ्या पोटरीएवढी जाड होती. काकांनी पहिला काप खालून घेतला, खोडापासून हातभर अंतरावर, आणि तो जाडीच्या तिसऱ्या हिश्शापाशी थांबवला. आरी अडकू लागली की थांबायचे, असे ते म्हणाले. मग चार बोटे आणखी पुढे सरकून वरून काप घेतला. फांदी करकरली, खालच्या कापापाशी स्वच्छ तुटली आणि दोराला लटकत सावकाश अंगणात उतरली. खालचा काप घेतला नसता तर ती स्वतःच्या वजनाने तुटताना खोडाची साल पट्टीसारखी सोलत गेली असती. राहिलेला हातभर खुंट तिसऱ्या कापाने काढला, आणि इथे त्यांनी बराच वेळ घेतला. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सुजल्यासारखी एक फुगीर वळी असते. काकांनी अंगठ्याने ती चाचपली आणि आरी तिच्या बाहेरून, किंचित तिरपी, चालवली. वळी जशीच्या तशी राहिली.

मला हे विचित्र वाटले. खोडाला अगदी चिकटून, सपाट कापले तर स्वच्छ दिसले असते, असे मी खाली उतरून म्हणालोदेखील. काकांनी उत्तर म्हणून मला आंब्याच्या झाडाकडे नेले, जिथे पूर्वी कोणीतरी तसेच सपाट कापले होते आणि आता ढोली झाली होती. याचे शास्त्र मी नंतर वाचले. अमेरिकेच्या वनखात्यात अ‍ॅलेक्स शिगो नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी झाडे चेनसॉने उभी चिरून आतली कुज कशी पसरते हे वर्षानुवर्षे पाहिले आणि 1977 साली आपला सिद्धान्त मांडला. माणसाची जखम जशी भरून येते तशी झाडाची येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभारून त्याला कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवून झाकते. फांदीच्या बुडाशी असलेली ती वळी या बंदोबस्तात महत्त्वाची असते. सपाट कापताना नेमकी तीच कापली जाते. जखमेवर रंग किंवा लेप फासल्याने कुज थांबत नाही, असेही त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. मी मात्र काकांना बोर्डो लेपासाठी आग्रह केला होता आणि त्यांनी माझ्या समाधानापुरता तो लावलाही होता. काटोलच्या बागेत शिकलेला अंगठा आणि अमेरिकेत चिरलेली खोडे एकाच वळीपाशी येऊन थांबली, याचे मला अजूनही नवल वाटते.

संध्याकाळी काम संपले तेव्हा समोरचे शेजारी फाटकाशी आले, झाडाकडे पाहिले आणि विचारले, "आज सुरू करणार होते ना? आले नाहीत का?" भाचा माझ्याकडे पाहून हसला. तिघांची मजुरी आणि पाला नेणाऱ्या गाडीचे भाडे मिळून 5,200 रुपये मी मोजले होते, आणि ते कशासाठी हे शेजाऱ्यांना दाखवायला माझ्यापाशी काही नव्हते. जाड फांद्यांचे तुकडे मी ठेवून घेतले.

या सगळ्यात कायद्याची एक बाजू आहे, तिच्याविषयी थोडक्यात. आपल्या राज्यात नागरी भागातील झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा अधिनियम 1975 पासून आहे. त्याच्या व्याख्येत झाड तोडणे म्हणजे केवळ बुंध्यातून कापणे नव्हे; जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणे हेही त्यात येते. 2021 च्या दुरुस्तीने, तोडायच्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावीत अशी तरतूद आली आणि पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हणायचे ठरले. हेतू उत्तमच आहे. परंतु व्यवहारात तोडणीची परवानगी अवघड झाली की लोक 'छाटणी' हा शब्द पुढे करतात, आणि त्या शब्दाच्या आडोशाने झाडाचे जे होते ते माझ्या गुलमोहराचे झाले तेच असते. अर्जात 'धोकादायक फांद्यांची छाटणी' असे लिहिलेले असते, आणि प्रत्यक्षात आरी कोणत्या आवडीच्या माणसाच्या हातात आहे यावर सर्व काही ठरते. आपल्याकडे या कामाचे प्रमाणपत्र कोणी मागत नाही. किती फांद्या काढायच्या, कुठे कापायच्या, एका हंगामात पर्णसंभाराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक काढू नये, हे अर्जाच्या कोणत्या रकान्यात लिहायचे हेही मला सापडले नाही.

म्हणून मी माझ्यापुरता एक बदल केला आणि लेआउटमधल्या दोन-तीन घरांनाही तो सुचवला. झाडाचा एकरकमी भाव विचारायचा नाही. मजुरी दिवसावर ठरवायची, पाला वाहून नेण्याचे भाडे वेगळे द्यायचे, आणि लाकूड आपले राहील हे सुरुवातीलाच सांगायचे. मग त्या लाकडाचे काय करायचे ते आपण पाहावे. माझे ओंडके अजून मागच्या पडवीत पडून आहेत आणि पत्नीच्या मते ते वाळवीला दिलेले आमंत्रण आहे.

याचा परिणाम मला यंदाच्या जानेवारीत पाहायला मिळाला. पहिल्या ठेकेदाराचा फोन आला. आमच्या झाडाचे साल त्याने तेव्हा विचारून घेतले होते आणि लक्षातही ठेवले होते. "सर, यंदा झाडाले पन्नास पुरे होते. मंग परवानगी लय भारी पडते. त्याच्या आंदर काय ते सांगा." मी म्हणालो, या, पण लाकूड माझे, तुम्हाला फक्त मजुरी. तो आला. या वेळी टेप खिशातून निघाला नाही. त्याने झाडाभोवती एक चक्कर मारली, वर बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "चांगलं तं झाड हाय, सर. तोडता कायले? ती एक वाळकी फांदी काढून घ्या, आठशे रुपयांत भागून जाईन."